औसंगातेच्या पायथ्याशी चुन्योचे दिवस

गुरुवार : कुस्को ते ओकोंगाते

शाळेत भूगोल शिकवताना मी फळ्यावर एक डोंगर काढायचे. पायथ्याला मका, त्यावर बटाटा, त्यावर कुरण आणि माथ्यावर बर्फ. अँडीजमधली शेती समजावायला तेवढं पुरायचं. धाकटी बहीण नोकरीसाठी पेरूच्या राजधानीत, लिमात, राहायला गेली, तेव्हा तो डोंगर खरोखरचा पाहायची संधी आली. कुठे जायचं यावर आमची फार चर्चा झाली नाही. माचू पिच्चू सगळे बघतात, आपण जिथे माणसं शेती करतात तिथे जाऊ, असं तिचं म्हणणं होतं. तिच्या ओळखीने ओकोंगाते ठरलं, आणि चुन्यो, म्हणजे थंडीत गोठवून वाळवलेला बटाटा, करताना बघायचा म्हणून जुलै.

ओकोंगाते हा कुस्को विभागातल्या किस्पिकांची प्रांताचा एक जिल्हा. इथला जिल्हा कारभाराच्या दृष्टीने आपल्या तालुक्याच्या जवळ जाणारा. मुख्य गाव साधारण ३,५०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. दक्षिणेच्या सीमेवर औसंगाते उभा आहे, ६,३८४ मीटरचा. या दोन उंचींच्या मधल्या उतारांवर केचुआ बोलणारे शेतकरी आणि मेंढपाळ राहतात.

कुस्कोहून निघालेली मिनीबस आम्ही वाटेत अंदाहुआयलियासला सोडली. इथलं सतराव्या शतकातलं चर्च भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध आहे. छतापासून खालपर्यंत रंग. मला मात्र बाप्तिस्म्याच्या खोलीचं दार पाहायचं होतं. बाप्तिस्मा देताना म्हणायचं वाक्य तिथे पाच भाषांत रंगवलं आहे : लॅटिन, स्पॅनिश, केचुआ, आयमारा आणि पुकिना. यांतली पुकिना आज कुणीही बोलत नाही. इथले पाद्री हुआन पेरेस बोकानेग्रा यांनी १६३१ मध्ये लिमात छापलेल्या ग्रंथात केचुआतलं एक स्तोत्र स्वरलिपीसकट दिलं आहे, आणि दोन्ही अमेरिकांत छापलेली ती पहिली बहुस्वरी गायनरचना मानली जाते. साधारण त्याच काळात गोव्यात जेझुइट पाद्री मराठीत ओव्या रचत होते. धर्म पसरवायला दोन्हीकडे लोकांचीच भाषा शिकावी लागली.

पुढे मात्र केचुआच्या वाट्याला वाईट दिवस आले. इंकांचा वारसा सांगणाऱ्या दुसऱ्या तुपाक आमारूने १७८० मध्ये जवळच्याच तिंता भागातून स्पेनविरुद्ध बंड उभारलं. ते चिरडल्यावर १७८१ मध्ये केचुआ नाटकं आणि इंका पोशाख यांच्यावर बंदी आली. पेरूने केचुआला अधिकृत भाषेचा दर्जा दिला तो थेट १९७५ मध्ये. २०१७ च्या जनगणनेत सुमारे ३७ लाख पेरूवासीयांनी आपली मातृभाषा केचुआ नोंदवली. हे आकडे मला पाठ होते, पण त्या दारासमोर उभं राहिल्यावर पुकिनाची ती एकटी ओळ मनातून जाईना.

उर्कोसनंतर रस्ता डोंगराला भिडतो. हाच आंतरमहासागरी महामार्ग, पेरूचा पॅसिफिक किनारा ब्राझीलला जोडणारा. निलगिरीची झाडं विरळ होत गेली, मक्याची कापलेली शेतं मागे पडली. ४,००० मीटरच्या वर कुयुनीच्या खिंडीत गाडीने वळण घेतलं आणि समोर आडवी पसरलेली बर्फाची भिंत दिसली. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढली. पिशवीतून कोकाची तीन पानं निवडून ती एकावर एक ठेवली, ओठांजवळ नेली, पर्वताच्या दिशेने हळूच फुंकर घातली आणि मग ती तोंडात टाकली. गाडीतल्या कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. औसंगाते इथला 'आपू' आहे. आपू म्हणजे डोंगराच्या रूपातला धनी. कुस्कोच्या मुलखातल्या सगळ्या आपूंमध्ये औसंगातेचा मान मोठा. पाऊस, जनावरं, आजार, प्रवास, सगळं त्याला विचारून.

दुपारी ओकोंगातेला पोचलो. चौक, नगरपालिका, चर्च, पत्र्याची छपरं, आणि सावलीत गेलं की हाडात शिरणारी थंडी. आमची दुभाषी मुलगी चौकातच भेटली. ती इथलीच, कुस्कोच्या विद्यापीठात शेतीशास्त्र शिकते. जुलैच्या सुट्टीत घरी आली होती. माझं डोकं दुखत होतं. तिने मुन्या नावाच्या रानपुदिन्यासारख्या झुडपाचा गरम काढा प्यायला लावला आणि संध्याकाळभर एकही पाऊल चढायचं नाही असं बजावलं.

शुक्रवार : तिंकी, पाक्चांता

सकाळी गाडीने तिंकीला, आणि तिथून वर पाक्चांताला. हा चढ म्हणजे माझ्या फळ्यावरचा डोंगर. ओकोंगातेच्या आसपास जव आणि बाकला. थोडं वर फक्त बटाटा आणि त्याच्यासारखे दुसरे कंद : ओका, उयुको, माश्वा. ४,१०० मीटरच्या आसपास शेवटची शेतं. त्यापुढे नांगर नाही. इचु नावाचं टोकदार पिवळं गवत आणि त्यात चरणारे अल्पाका व लामा.

फळ्यावर न मावलेलीही एक गोष्ट होती. बटाट्याच्या उतारावर एकच पट्टा नांगरलेला होता आणि आजूबाजूचे पट्टे नुसते पडलेले. मला वाटलं जमीन सोडून दिली असावी. दुभाषी म्हणाली, "नाही, ती झोपली आहे." उतार वाट्यांमध्ये विभागलेला असतो. एका वर्षी सगळ्या गावाने एकाच वाट्यात बटाटा लावायचा, पुढच्या वर्षी दुसऱ्यात. आधीचा वाटा कित्येक वर्षं पडीक, त्यावर जनावरं चरतात आणि त्यांच्या लेंड्यांनी तो पुन्हा तयार होतो. कुठला वाटा उघडायचा हे कुणी एकट्याने ठरवत नाही. ते गावसभेत ठरतं. शेत घराचं, पण पाळी गावाची.

पाक्चांता ४,३०० मीटरच्या आसपास आहे. मातीच्या विटांची घरं, काहींवर गवत, बहुतेकांवर पत्रा. आमच्या यजमानीण बाईंनी दारातच माझा हात दोन्ही हातांत धरला आणि कोकाची पानं पुढे केली. त्यांच्या स्वयंपाकघरात मातीची चूल होती. तिच्यात जळत होत्या वाळलेल्या लेंड्या, कारण इतक्या उंचीवर सरपणाला झाड नाही. अल्पाका एक मोठं काम सोपं करून ठेवतात : कळप ठरलेल्या एकाच जागी लेंड्या टाकतो. त्यामुळे इंधन आणि खत गोळा करायला डोंगर पालथा घालावा लागत नाही. चुलीच्या कडेने गिनीपिग कूं कूं करत फिरत होते. सणावारी त्यांचंच जेवण.

दुपारी बाईंच्या लेकीबरोबर कळपामागे गेलो. गावाच्या वर दरीचा तळ हिरवागार, पाऊल टाकलं की स्पंजासारखा दबणारा. याला इथे बोफेदाल म्हणतात. हिमनद्यांचं वितळलेलं पाणी इथे मुरतं, आणि उशीसारख्या घट्ट वनस्पती ते धरून ठेवतात. पाऊस नसलेल्या मे ते सप्टेंबरमध्ये जेव्हा इचु वाळून काडी होतं, तेव्हा अल्पाका याच हिरवळीवर जगतात. अल्पाकाच्या पायाला खूर नसून मऊ गादी असते, त्यामुळे ही नाजूक जमीन तुडवली जात नाही. मुलीने वर बोट दाखवलं. काळ्या खडकाचा एक रुंद पट्टा बर्फाखाली उघडा पडला होता. ती लहान असताना तिथे बर्फ होता. ती आज फार तर वीस वर्षांची असेल. पेरूने गेल्या सहा दशकांत हिमनद्यांचं निम्म्याहून जास्त क्षेत्र गमावलं आहे हे मी वाचलं होतं. बोफेदालवर उभं राहिल्यावर त्याचा खरा अर्थ कळतो : बर्फ गेला की आधी ही हिरवळ जाईल, मग कळप, आणि मग कळपावर जगणारी घरं.

रात्री चुलीपाशी यजमानीण बाईंचे सासरे बोलायला लागले. ते केचुआत बोलायचे, दुभाषी स्पॅनिशमध्ये सांगायची, बहीण मला मराठीत.

या भागातली बहुतेक जमीन एके काळी लाउरामार्का नावाच्या एकाच हासिएंदाची, म्हणजे जमीनदाराच्या मोठ्या इस्टेटीची होती. ज्या जमिनीवर आपण जन्मलो तिथे राहायचं तर मालकाच्या शेतात वेठीला जायचं, पाळी आली की त्याच्या घरी फुकट चाकरी करायची, लोकर त्याच्याच भावाने त्यालाच घालायची. १९२० च्या दशकापासून इथल्या लोकांनी त्याविरुद्ध तक्रारी, संप, मोर्चे केले आणि मारही खाल्ला. पाक्चांताचे मारियानो तुर्पो हे या लढ्याचे एक पुढारी. लपत-छपत कुस्कोला जायचं, कामगार संघटनांना भेटायचं, वकील गाठायचा, लिमापर्यंत अर्ज न्यायचा, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं. आणि प्रत्येक वेळी निघण्याआधी ते औसंगातेला पानं वाहून निघत. लढाई जमिनीची होती, आणि ज्याच्याकडे कौल मागायचा तोही जमिनीचाच भाग होता.

२४ जून १९६९ रोजी हुआन वेलास्को यांच्या लष्करी सरकारने जमीन सुधारणा कायदा आणला. हासिएंदा संपली. आधी तिची सहकारी संस्था झाली, आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करणं लोकांना पटेना, तेव्हा पुढे तीही मोडून जमीन गावांनी आपसांत वाटून घेतली. "मालक गेला तेव्हा मी दाढी फुटलेला पोरगा होतो," आजोबा म्हणाले. "वडिलांनी पहिलं काम काय केलं? मेंढरं मालकाच्या हिरवळीवर सोडली. दिवसभर नुसते बघत बसले." हे सांगताना ते उठून उभे राहिले आणि हिरवळ कुठल्या बाजूला ते दाखवलं, बाहेर मिट्ट अंधार असूनसुद्धा.

जमीन मिळाली तरी मत नव्हतं. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना पेरूमध्ये मतदानाचा हक्क १९७९ च्या संविधानाने मिळाला. १९८० मध्ये त्यांनी पहिल्यांदा मत दिलं. शाळा स्पॅनिशची, आणि इथे सगळे केचुआ बोलणारे. म्हणजे जमिनीसाठी लढलेली जवळपास अख्खी पिढी तोवर मतदार यादीबाहेर होती. आपल्याकडे १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत अंगठा उठवणाऱ्यानेही मत दिलं, हे मी आजोबांना सांगितलं. त्यांनी ते दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मारियानो २००४ मध्ये गेले. त्यांचे चिरंजीव नाझारियो तुर्पो औसंगातेचे पूजाविधी जाणणारे. वॉशिंग्टनमधल्या अमेरिकन इंडियन राष्ट्रीय संग्रहालयाने केचुआ लोकांवरचं दालन उभारताना त्यांचा सल्ला घेतला होता. ते २००७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात वारले. त्यांचं नाव निघालं तेव्हा बाईंनी चुलीतली राख सारखी केली आणि बराच वेळ कुणी बोललं नाही.

शनिवार : चुन्यो

मी इथे जुलैत आले ते याच दिवसासाठी.

पहाटे चारला बाईंनी उठवलं. बाहेर पाण्याच्या घमेल्यावर बोटभर बर्फ. पूर्वेला कृत्तिका वर आल्या होत्या. एप्रिलअखेर त्या सूर्याच्या उजेडात लपतात आणि जूनच्या सुरुवातीला पहाटे परत दिसायला लागतात. २४ जूनच्या सुमारास अँडीजमधले शेतकरी त्या नीट निरखतात. ठळक दिसल्या तर पाऊस वेळेवर. धूसर दिसल्या तर पाऊस उशिरा आणि कमी, मग बटाट्याची लागवड पुढे ढकलायची. २००० मध्ये काही शास्त्रज्ञांनी याचा छडा लावला. एल निनोच्या वर्षी जूनमध्ये खूप उंचावर विरळ ढगांचा थर वाढतो, तोच तारे धूसर करतो, आणि एल निनोच्या वर्षी इथे पाऊस खरंच कमी पडतो. तोच एल निनो आपला मोसमी पाऊसही अनेकदा बिघडवतो. वर्गात कितीदा शिकवलेला विषय, पण तो असा डोळ्यांनी वाचता येतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं. "यंदा कशा दिसल्या?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "मोठ्या नीट दिसल्या, धाकट्या नाहीत." दुभाषीने त्यांना यावरून दहा प्रश्न विचारले आणि सगळं वहीत उतरवून घेतलं.

गावाबाहेरच्या सपाट माळावर बटाटे पसरलेले होते. चुन्योचे बटाटे वेगळे : लहान आणि कडू. ते जसेच्या तसे खाता येत नाहीत, कडवटपणात विषारी अंश असतो. पण जिथे गोड बटाटा थंडीने जळतो तिथे ते तग धरतात. म्हणून सगळ्यात वरच्या शेतांत तेच लावतात, आणि खाण्याजोगे करायचं काम थंडीकडूनच करून घेतात.

रात्री पारा शून्याच्या खाली उतरला की बटाटा गोठतो. दिवसा ऊन कडक, तो सुटतो. असं काही रात्री चाललं की आतल्या पेशी फुटतात आणि पाणी मोकळं होतं. मग त्याचे छोटे ढीग करायचे आणि पायांनी तुडवायचे. आम्ही पोचलो तेव्हा शेजारच्या दोन घरची माणसंही आली होती. हे आइनी : आज तुम्ही आमच्याकडे, उद्या आम्ही तुमच्याकडे. त्याचा हिशोब लिहिलेला नसतो आणि विसरलाही जात नाही. सुरुवातीला आजोबांनी पानं वाहिली, जमिनीवर थोडी मक्याची दारू शिंपडली, आणि काम सुरू झालं.

अनवाणी पायांनी तुडवायचं. मीही उतरले. पहिल्या स्पर्शाला पाय बधिर होतात, मग बटाट्याची साल टाचेखाली सुटते आणि गार पाणी बोटांमधून वाहतं. जोर नको, रगड नको. फक्त वजन टाकायचं आणि टाच फिरवायची, म्हणजे पाणी निघतं पण बटाटा फुटत नाही. बायका एका लयीत हे करतात, एकमेकींच्या दंडाला धरून. नंतर ते पुन्हा उन्हात पसरायचे. आपल्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर वाळवणं घालतात तसं हे इथलं वाळवण, फक्त उन्हाच्या जोडीला इथे रात्रही राबते.

असा वाळून काळा, हलका, दगडासारखा टणक झालेला तो चुन्यो. दुसरा प्रकार पांढरा, मोराया. गोठवलेले बटाटे गवताच्या जाळ्यांत घालून वाहत्या ओढ्यात काही आठवडे बुडवून ठेवतात, कडवटपणा पाण्याबरोबर निघून जातो, मग तुडवून वाळवतात. मोरायाला बाजारात भाव जास्त. दोन्ही वर्षानुवर्षं टिकतात. गारपिटीने पीक गेलं, पाऊस आला नाही, तरी कोठीत चुन्यो असला की घर उपाशी राहत नाही. इंकांच्या कोठारांतही चुन्यो साठवलेला असे. मोठमोठ्या दगडी भिंतींचं कौतुक सगळे करतात. मला वाटतं, त्या भिंती रचणाऱ्यांच्या पोटात काय होतं हेही बघायला हवं.

दुपारचं जेवण शेतातच. मातीच्या कोरड्या ढेकळांचा घुमटासारखा भट्टीचा ढीग रचला, आत जाळ केला, ढेकळं लाल झाली तशी आत बटाटे आणि ओका टाकून सगळी भट्टी वरून कोसळवली. अर्ध्या-पाऊण तासाने उकरून काढलेल्या त्या बटाट्यांना उचु नावाच्या मिरचीच्या वाटणाची जोड. जांभळे, पिवळे, आत लाल वर्तुळ असलेले, काकडीसारखे लांब. एक इतका गाठीगाठींचा की नव्या सुनेला तो सोलायला देऊन तिचा हात पारखायचे. यजमानीण बाईंनी तो मला दाखवला आणि आपल्या सासूच्या आठवणीने खूप हसल्या.

जेवताना मी विचारलं, शेतं इतक्या वर का? आजोबांनी सांगितलं ते ऐकून मी लिहायची थांबले. त्यांच्या लहानपणी शेवटचं शेत होतं ते आजच्या शेतांच्या बरंच खाली. करपा तेव्हा इथवर चढत नसे, थंडीच त्याला रोखायची. आता खालच्या शेतांत करपा आणि किडा दोन्ही. म्हणून दरवर्षी बटाटा थोडा वर सरकतो. वर कुरण आहे, म्हणजे शेत अल्पाकाच्या जागेत शिरतं. आणि चुन्योला हवी तशी कडक थंडी पूर्वी जूनमध्ये सलग पडायची, आता मधेच एखादी ऊबदार रात्र येते आणि माळावरचा बटाटा सडतो. "वर किती जाणार?" दुभाषी म्हणाली. "वर डोंगर निमुळता होत जातो." ती शेतीशास्त्र का शिकते हे मी तिला त्यानंतर विचारलं नाही.

रविवार : तिंकीचा बाजार

रविवारी तिंकीत आठवडी बाजार. वरच्या वस्त्यांमधून बायका पहाटेच खाली उतरलेल्या. डोक्यावर सपाट, रुंद टोप्या, कडेने मण्यांच्या झालरी. अंगावर हाताने विणलेली यिक्या शाल, टाचणीने छातीशी अडकवलेली. टोपीवरून आणि शालीच्या नक्षीवरून कोण कुठल्या गावची हे इथल्यांना लांबूनच ओळखू येतं. पुरुषांच्या कानटोप्यांवर पांढरे मणी, त्या बहुतेकदा पुरुषच विणतात.

पैशाचा व्यवहार चालतोच, पण एका कोपऱ्यात अदलाबदल चालू होती. खालच्या खोऱ्यातून मका घेऊन आलेल्या बाईंनी तो चुन्योवर मोजून दिला, ओंजळीने, आणि शेवटी वर एक मूठ घातली. मका वर पिकत नाही, चुन्यो खाली होत नाही. उंचीच्या दोन थरांचं नातं असं टिकतं.

तरुण मुलं आपसांत स्पॅनिश, आईशी केचुआ. मोबाइलच्या दुकानात लावलेलं गाणं केचुआत होतं. दुभाषीचा धाकटा भाऊ दोन्ही भाषांत शिकवणाऱ्या शाळेत जातो. तिच्या वेळी केचुआ बोललं की शिक्षा व्हायची. मी शिक्षिका आहे म्हणून तिने मला हे मुद्दाम सांगितलं.

सोमवार : सिनाकारा

तिंकीहून महामार्गाने मावायानी, आणि तिथून साधारण आठ किलोमीटर पायी. वाटेवर थोड्या थोड्या अंतराने क्रूस. सिनाकाराचं खोरं ४,७०० मीटरच्या आसपास, वर कोल्के पुंकुच्या हिमनद्या. ईस्टरनंतर ५८ दिवसांनी इथे कोइयुर रितीची यात्रा भरते. हजारोंच्या संख्येने लोक येतात. युनेस्कोने २०११ मध्ये तिला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. यंदाची यात्रा होऊन गेली होती, आणि खोऱ्यात आमच्याखेरीज दोन मेंढपाळ आणि त्यांची कुत्री.

कथा अशी : १७८० मध्ये मारियानो माय्ता नावाचा मुलगा इथे अल्पाका राखायचा. त्याला मानुएल नावाचा गोरा मुलगा भेटायचा, आपलं खाणं वाटून द्यायचा. कळप वाढू लागला. मानुएलच्या फाटक्या कपड्यांसाठी कापड आणायला मारियानो कुस्कोला गेला, तर ते कापड निघालं फक्त बिशपच वापरू शकेल असं. चौकशीला माणसं आली, मुलाला धरायला गेली आणि तिथे दिसला क्रूसावरचा ख्रिस्त. मारियानो धक्क्याने जागीच गेला. त्याला ज्या खडकाखाली पुरलं, त्या खडकावर आज ख्रिस्ताचं चित्र आहे, आणि खडकाभोवती चर्च बांधलं आहे. साल लक्षात घ्यावं : तुपाक आमारूच्या बंडाचं. लोक मात्र इथे त्याआधीपासून येत असणार. कृत्तिका परतण्याचाच हा काळ, आणि डोंगराची पूजा चर्चहून जुनी.

यात्रेत वेगवेगळ्या प्रांतांचे लोक आपापली 'नेशन' म्हणून येतात. त्यांत उकुकु असतात, अर्धे अस्वल आणि अर्धे माणूस मानलेले, लोकरी मुखवटे घातलेले, किनऱ्या आवाजात बोलणारे. गर्दीत शिस्त तेच राखतात. रात्री हिमनदीवर चढायचं आणि बर्फाचे तुकडे पाठीवर बांधून खाली आणायचे हे त्यांचं व्रत. ते पाणी औषधी मानत, शेतात शिंपडत. बर्फ मागे हटताना पाहून त्यांनीच बर्फ तोडणं थांबवलं. आमच्या दुभाषीचे काका उकुकु होते. त्यांनी शेवटी आणलेला बर्फ तिला आठवतो; आजीने तो घरातल्या आजारी मेंढीला चाटायला दिला होता. आज बर्फापर्यंत पोचायलाच कितीतरी जास्त चढावं लागतं.

चर्चपासून थोडं बाजूला, माळावर दगडांची छोटी छोटी घरं मांडलेली होती, गुडघ्याएवढीसुद्धा नाहीत. आत गोठे, गोठ्यांत पांढऱ्या खड्यांचे अल्पाका. यात्रेत लोक इथे वर्षाचं मागणं मांडतात : घर हवं तो घर रचतो, ट्रक हवा तो खेळण्यातला ट्रक आणतो, खोट्या नोटांनी खरेदीचे करार करतात, साक्षीदारही ठेवतात. हे खेळल्यासारखं दिसतं, पण मांडणारा मनापासून मांडतो. एका गोठ्याच्या कडेने बारीक चर काढून त्यात निळी चिंधी अंथरली होती. बहिणीने मला हाक मारली, "ताई, हे बघ, कुणीतरी पाणी मागितलंय."

मंगळवार : वाया वाया

तिंकीला रात्र काढून सकाळी महामार्गाने वाया वाया खिंडीपर्यंत गेलो, ४,७२५ मीटर. मागे औसंगाते. त्याच्या उत्तर उताराचं पाणी मापाचो नदीतून पुढे उरुबांबाला मिळतं. खिंडीच्या पलीकडलं पाणी मार्कापाताच्या दरीतून मादरे दे दिओसकडे धावतं. दोन्ही शेवटी ॲमेझॉनमध्येच. इथून रस्ता खाली कोसळतो आणि काही तासांत किन्सेमिल येतं, पेरूतल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक, ऊस-केळीच्या उंचीवर. एवढी उंची एका दिवसात उतरता येईल असा रस्ता माझ्या माहितीत दुसरा नाही.

खिंडीत ट्रकची वाट बघत एक मुलगा उभा होता, पाक्चांताचाच, यजमानीण बाईंचा भाचा. खाली मासुकोला सोन्याच्या खाणीवर चालला होता. या भागातले कितीतरी तरुण तिकडे जातात. नदीकाठच्या चिखलात पाऱ्याने सोनं वेगळं करायचं काम. पैसा इथल्यापेक्षा पुष्कळ, अंगाला बाधतंही पुष्कळ. दुभाषी त्याला केचुआत काहीतरी तावातावाने सांगत होती. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून स्पॅनिशमध्ये विचारलं, तुमच्या देशात बटाटा होतो का? मी मंचर आणि खेडच्या शेतांचं सांगितलं, सपाट जमिनीवरचं पीक, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात. किती वाणांचं, त्याने विचारलं. दोन-चार, मी म्हणाले. त्याला ते फार थोडे वाटले. त्याच्या आजीच्या एका शेतात त्याहून कितीतरी जास्त होते आणि प्रत्येकाचं नाव त्याला येत होतं. त्याने ती बोटांवर मोजायला घेतली. पिशवी उघडून मूठभर मोराया माझ्या हातात दिला, आईने बरोबर दिला होता.

"परत कधी?" बहिणीने विचारलं.

"मे महिन्यात," तो म्हणाला. "काढणीला. काढणीला आलं नाही तर चुन्योत वाटा मिळत नाही."

ट्रक आला. तो मागच्या फळीवर चढला, आणि दुभाषीने खालून ओरडून त्याला बजावलं की पारा उघड्या हाताने धरायचा नाही, रबरी मोजे घालायचे.